दिवस जाण्याआधीपासूनच दारू नको



आपल्या त्रैमासिकात दारूविषयी आजवर पुष्कळदा लिहून आले आहे. मीही दोनदा लिहिले. दोन्ही लेखांत पिणारा पुरुष होता आणि रडणारी बाई होती. नवापूर, अक्कलकुवा, धडगाव या भागांतल्या पाड्यांवर सोळा वर्षे काम केल्यावर मला हे कबूल केले पाहिजे की ते चित्र अर्धेच होते. आमच्या पाड्यांवर बायाही पितात. शहरातल्या वाचकांना हे वाचून धक्का बसेल, पण पाड्यावर त्यात धक्का बसण्यासारखे काही नाही. सरकारच्या २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ वर्षांवरच्या शंभर पुरुषांपैकी सुमारे १९ आणि शंभर बायांपैकी एखादीच दारू पिते असे आढळले. ही सगळ्या देशाची सरासरी आहे. आदिवासी समाजात पिणाऱ्या बायांचे प्रमाण त्याहून बरेच जास्त आहे, आणि ते लपवले जात नाही म्हणून दिसतेही.

बाया का पितात ते आधी सांगते. नाहीतर पुढचे सगळे वाचताना आपल्या मनात त्यांच्याविषयी चुकीचा भाव येईल.

फाल्गुन-चैत्रात पहाटेपासून मोहाची फुले गळू लागतात. बाया आणि पोरे टोपल्या घेऊन झाडाखाली असतात. फुले वेचायची, अंगणात वाळवायची, कणगीत भरून ठेवायची. हे फूल साखरेसारखे गोड असते. ते उकडून खातात, भाजून खातात, पिठात मिसळून भाकरी करतात. धान्य संपलेल्या दिवसांत कितीतरी घरे या फुलांवर जगली आहेत. म्हणून मोहाच्या फुलाविषयी माझी काही तक्रार नाही. ते अन्न आहे, देवाने दिलेले आहे. तक्रार आहे ती मडक्यात भिजवून, आंबवून, चुलीवर त्याची वाफ धरून जे काढतात त्याच्याविषयी. ते फुलातले अन्न राहत नाही, त्याचे मद्य होते. आणि ते घरातच होते. दुकान नाही, पैसे नाहीत, वयाची अट नाही. होळीला, लग्नाच्या बोलणीला, बारशाला, मौतीला ते पानाच्या द्रोणातून सर्वांना मिळते. ज्या बाईला त्या बैठकीत द्रोण मिळत नाही, तिला आपला मान गेला असे वाटते.

दुसरे कारण कष्टाचे. दिवाळीनंतर आमची कितीतरी कुटुंबे गुजरातेत ऊसतोडीला जातात. पहाटे थंडीत उठून दिवसभर मोळ्या वाहणारी बाई रात्री पालात येते तेव्हा तिचे अंग ठणकत असते. तिला डॉक्टर मिळत नाही, गरम पाण्याची अंघोळ मिळत नाही, पोटभर जेवण मिळेल याचीही खात्री नसते. घोटभर दारू मात्र मिळते. ती पिऊन ती झोपते. ती पोटुशी असली तरी तसेच झोपते.

आता एका मुलाविषयी सांगते. त्याचे नाव, पाडा मी सांगणार नाही.

तो आमच्या बालवाडीत आला तेव्हा पाच वर्षांचा होता आणि तीन वर्षांचा दिसत होता. हसरा, कोणाच्याही मागे जाणारा. पाहुणा आला की पाच मिनिटांत त्याच्या मांडीवर. आम्हाला वाटायचे, किती प्रेमळ लेकरू! पुढे कळले की ओळखीचा माणूस आणि अनोळखी माणूस यांतला फरकच त्याला उमगत नव्हता. सोमवारी पाचपर्यंत आकडे म्हणायचा, मंगळवारी एकसुद्धा आठवत नसे. चुलीला हात भाजला तरी दुसऱ्या दिवशी हात पुन्हा चुलीकडे. शाळेत गेल्यावर गुरुजींनी ठरवून टाकले की हा मुद्दाम करतो, आणि मुद्दाम करणाऱ्याला जे मिळते ते त्याला रोज मिळू लागले.

मी त्याला आणि त्याच्या आईला दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरांनी त्याचे डोके मोजले, उंची मोजली, चेहरा नीट पाहिला. मग आईला आवाज न चढवता विचारले, “हा पोटात असताना तू काय खात होतीस, काय पीत होतीस?” तिने काही न लपवता सांगितले, “सगळ्या पितात तेवढी.” नंतर डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले की या मुलाचे असे का झाले हे छातीठोक सांगता येणार नाही. आईला रक्त कमी होते, बाळ अंगाने लहान होते, बाळंतपण घरी झाले. यातल्या कशानेही मूल मागे पडू शकते. ही स्थिती दाखवणारी रक्ताची तपासणी नाही. पण त्याचा चेहरा, डोके, विसरणे आणि आईचे पिणे एकत्र पाहिले तर दारूने होणाऱ्या हानीचा दाट संशय येतो.

मी पाड्यावर परतले ती पेटूनच. पुढच्याच आठवड्यात भगिनी सभेत मी या विषयावर बोलले. चित्रे दाखवली, बोट रोखून बोलले, ‘आपल्याच हाताने आपल्या लेकराला विष’ असे काहीतरी म्हणाले. ती तिसऱ्या ओळीत बसली होती आणि ते मूल तिच्या मांडीवर होते. ती उठली आणि निघून गेली. चार महिने ती सभेला आली नाही, मी घरी गेले तर आत जाऊन बसायची. धर्मशास्त्राच्या पदविकेच्या अभ्यासात मला उपदेश कसा मांडावा ते शिकवले होते. समोर कोण बसले आहे ते आधी पाहावे, एवढे मला त्या दिवशी सुचले नाही.

एलीची गोष्ट आपल्याला ठाऊक आहे. हन्ना मंदिरात दुःखाने ओठ हलवत होती आणि याजकाने तिला दारू प्यालेली ठरवून झापले. मी याच्या उलट केले. जी खरोखर प्याली होती तिचे दुःख मला दिसलेच नाही.

म्हणून हा लेख मी तेव्हा बोलायला हवे होते तसा लिहीत आहे. आमचे कार्यकर्ते तो पाड्यावर वाचून दाखवतील. वाचताना बोट रोखू नये, ही विनंती.

आईच्या पोटातून बाळापर्यंत

दारू पोटात गेली की थोड्याच वेळात रक्तात मिसळते. आईचे रक्त वारेपाशी येते, आणि वारेतून नाळेने बाळाला अन्न, प्राणवायू, पाणी मिळते. वार पुष्कळ गोष्टी अडवते, पण मद्य अडवत नाही. ते थेट पलीकडे जाते. आईच्या रक्तात जेवढी नशा, जवळजवळ तेवढीच बाळाच्या रक्तात. आईचे यकृत मोठे, तयार असते, ते मद्य हळूहळू मोडते. बाळाचे यकृत कच्चे असते, त्याला ते जमत नाही. शिवाय बाळाच्या लघवीतून मद्य गर्भजलात उतरते आणि बाळ ते गर्भजल पुन्हा गिळते. आईची उतरली तरी बाळाची लवकर उतरत नाही.

यातून काय होते? गर्भ पडतो, बाळ मेलेले जन्मते, दिवस भरण्याआधी जन्मते, वजनाने कमी भरते. असे होण्याचा धोका दारूने वाढतो. हृदय, मूत्रपिंड, हाडे, कान यांत दोष राहू शकतात. पण सर्वांत जास्त नुकसान मेंदूचे होते, कारण बाकीचे अवयव ठरावीक आठवड्यांत घडतात आणि मेंदू नऊही महिने वाढत असतो. काही मुलांच्या चेहऱ्यावर खूण दिसते: डोळ्यांची फट लहान, नाकाखालची पन्हळ सपाट, वरचा ओठ पातळ. बहुतेकांचा चेहरा मात्र इतरांसारखाच असतो. म्हणून त्यांचे दुखणे कोणाला दिसत नाही. दिसते ते फक्त वागणे, आणि मग मूल मठ्ठ, हट्टी, वांड ठरते.

आमच्या दाईबाया, म्हाताऱ्या हे जाणत नव्हत्या, म्हणून त्यांना हसू नये. जगातले डॉक्टरही जाणत नव्हते. फ्रान्समध्ये डॉ. पॉल लेमोइन यांनी १९६८ मध्ये दारू पिणाऱ्या आईबापांच्या १२७ मुलांविषयी लिहिले, त्याकडे फारसे कोणी पाहिले नाही. १९७३ मध्ये अमेरिकेतल्या सिएटलच्या डॉ. केनेथ जोन्स आणि डॉ. डेव्हिड स्मिथ यांनी अशा मुलांची लक्षणे मांडून त्या स्थितीला नाव दिले, तेव्हा कुठे वैद्यकीय जग जागे झाले. त्याच काळात मोठ्या इस्पितळांत वेळेआधी येणाऱ्या कळा थांबवण्यासाठी गरोदर बाईच्या शिरेतून मद्य देत असत! शिकलेल्यांची ही गत, मग आमच्या पाड्यावरच्या आजीने सुनेला ‘अंग मोकळे होते’ म्हणून घोट दिला तर तिला दोष कसा देणार?

आधीपासूनच का?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त विचारला जातो. दिवस गेल्याचे कळले की सोडू, त्याआधी काय बिघडते?

दिवस मोजून पाहा. गर्भ राहिला की सुमारे दोन आठवड्यांनी पाळी चुकते. बाईला वाटते, चार दिवस मागे-पुढे होतातच. मग दुसरी पाळी चुकते. मग ती सासूला सांगते, सासू आशाताईला सांगते, नाव नोंदवायला आणि कार्ड भरायला तिसरा महिना उजाडतो. ऊसतोडीच्या फडावर असली तर पाचवाही उजाडतो. आता आत काय चालले आहे ते पाहा. गर्भ राहिल्यापासून २२व्या दिवसाच्या आसपास बाळाचे हृदय धडधडू लागते. ज्या नळीतून मेंदू आणि मणक्यातली मज्जारज्जू घडते, ती नळी २८व्या दिवसापर्यंत मिटते. आठवा आठवडा सरेपर्यंत बहुतेक सगळ्या अवयवांचा पाया घातला गेलेला असतो. म्हणजे बाईला आपण पोटुशी आहोत हे कळते, तोवर घराचा पाया ओतून झालेला असतो. त्यात होळी किंवा लग्नसराई येऊन गेली असेल, तर तो पाया दारूत कालवलेला असतो.

त्यात आणखी एक गोष्ट. त्या नळीसाठी फोलिक आम्ल लागते, आणि दारूने ते अंगाला नीट लागत नाही. आधीच अर्धपोटी बाईच्या अंगात ते कमी, वर दारू. मूल हवे असे ठरले की तेव्हापासून पहिले तीन महिने सरेपर्यंत रोज ४०० मायक्रोग्रॅमची फोलिक आम्लाची गोळी घ्यायची असते. ती उपकेंद्रात मागावी. चौथ्या महिन्यापासून लोहाच्या १८० गोळ्या असतात. गोळ्या पुष्कळ घरांत पत्र्याखाली खोचलेल्या मला सापडतात, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.

तर नियम एवढाच: ज्या बाईला मूल हवे आहे, किंवा जिला मूल राहू शकते आणि ती ते टाळण्यासाठी काही करत नाही, तिने दारूला हात लावू नये. पाळी चुकली की आशाताईकडे ‘निश्चय’ची पट्टी असते, लघवीचे चार थेंब लागतात, पाच मिनिटांत कळते. दोन महिने वाट पाहण्याचे कारण नाही.

पवित्र शास्त्र वाचणाऱ्यांना हे नवे वाटू नये. शास्ते पुस्तकाचा १३वा अध्याय काढून पाहा. मानोहाच्या बायकोला मूल नव्हते. देवदूत येऊन तिला सांगतो की तुला मुलगा होईल, तर आता द्राक्षारस आणि मद्य पिऊ नकोस. ही सूचना गर्भ राहिल्यावर आली नाही, आधी आली. मी हा अध्याय कितीदा वाचला, पण शमशोनाच्या केसांकडेच माझे लक्ष असे. आणखी एक गंमत त्यात आहे. मानोहा देवदूताला पुन्हा बोलावून विचारतो की मुलाला कसे वाढवायचे, त्याने काय करायचे. देवदूत उत्तर देतो ते मुलाविषयी नव्हे, आईविषयी: तिला जे सांगितले ते तिने पाळावे. आणि हे नवऱ्यासमोर सांगतो. मला वाटते, ते नवऱ्यासमोर सांगणेच महत्त्वाचे आहे. ज्या घरात चुलीवर भट्टी लागते त्या घरात बाईने एकटीने पाळायचे म्हटले तर ते पाळले जात नाही. शमशोन नाजीर होता, तिथे नवसाची बाब आहे, वैद्यकाची नाही, हे मला ठाऊक आहे. पण सूचना कोणाला दिली आणि केव्हा दिली, हे आपल्या भगिनी सभेत वाचण्यासारखे आहे.

थोडी घेतली तर?

जागतिक आरोग्य संघटनेचे म्हणणे स्पष्ट आहे: गरोदरपणात एवढी चालेल असे दारूचे कोणतेही सुरक्षित प्रमाण माहीत नाही. जास्त पिणाऱ्या आईच्या बाळाला धोका जास्त, आणि एकाच बैठकीत पुष्कळ पिणे विशेष वाईट, कारण बाळाच्या रक्तातले प्रमाण एकदम चढते. आमच्याकडे पिणे असेच असते. रोज नाही, पण सणाला पोटभर.

‘बीअर म्हणजे दारू नव्हे’ असे नवी पोरे म्हणतात. हिशोब करू. कडक बीअरची ६५० मिलीची बाटली घ्या, तिच्यावर ८ टक्के लिहिलेले असते. म्हणजे ५२ मिली शुद्ध मद्य. दुकानातल्या व्हिस्की-रमवर ४२.८ टक्के असते. तिच्या ६० मिलीत साधारण २६ मिली. एक बीअर म्हणजे दोन मोठे पेग झाले. ताडीचेही असेच. पहाटे उतरवलेली गोड नीरा आणि दुपारची ताडी यांत फरक आहे, उन्हात ती दर तासाला आंबत जाते. आणि मोहाच्या पहिल्या धारेचे तर विचारूच नका, तिच्यात किती टक्के आहे हे काढणाऱ्यालाही सांगता येत नाही. हातभट्टीच्या दारूत दुसरे काय मिसळले असेल ते आणखी वेगळे.

बाटलीवर आपल्याकडे इशारा असतो: दारू आरोग्याला अपायकारक आहे, पिऊन गाडी चालवू नका. पोटुशी बाईविषयी त्यात अक्षर नाही. अमेरिकेत १९८९ पासून बाटलीवर गरोदर बायांसाठी इशारा छापतात. आमच्या मडक्यावर तर काहीच छापलेले नसते, म्हणून तोंडानेच सांगावे लागते.

कायद्याने हे होईल असे म्हणणाऱ्यांना मी नवापूरच्या रेल्वे स्टेशनात नेते. ते स्टेशन अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत आहे. गुजरातेत राज्य झाल्यापासून दारूबंदी आहे. आमच्या ऊसतोड्यांना पालात दारू मिळायची राहिली आहे का, ते त्यांनाच विचारा.

बापाचे काय?

पुरुष हा लेख ऐकताना खुशीत असतात, की चला, या वेळी आपल्यावर नाही. तर ऐका. पुरुषाचे बीज तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात, आणि जास्त दारूने ते कमी होते, दुबळे होते. मूल राहत नाही म्हणून बायकोला भगताकडे नेणाऱ्याने आधी आपली बाटली तीन महिने बंद करून पाहावी. बापाच्या पिण्याचा पोटातल्या बाळावर आणखी काय परिणाम होतो यावर अभ्यास चालू आहेत. पण दोन परिणामांना अभ्यासाची गरज नाही. त्याच्या दारूत गेलेल्या पैशांची डाळ, अंडी तिच्या पोटात जात नाहीत. आणि तो पिऊन आला की तिला मार बसतो, पोटावरही बसतो. पोटुशी बायको घरात असताना नवऱ्याने नऊ महिने सोडावी, हे आम्ही आता लग्नाच्या आधीच्या बोलण्यात सांगतो. तो सोडतो तिथे ती सोडते. बहुतेक वेळा हे असेच घडलेले मी पाहिले आहे.

जिने प्यालेली आहे, तिच्यासाठी

ताई, तू हे ऐकते आहेस आणि तुला चौथा किंवा सहावा महिना आहे, आणि होळीला तू प्याली होतीस. घाबरू नकोस. प्यालेल्या प्रत्येक आईचे बाळ बिघडतेच असे नाही. आज सोड. मेंदू शेवटच्या दिवसापर्यंत वाढतो, त्यामुळे कधीही सोडलीस तरी बाळाचा फायदाच आहे. नर्सबाईला खरे सांग, ती बाळाचे वजन नीट पाहील. ती ओरडली तर आमच्या ताईला बरोबर घेऊन जा.

थंडीसाठी, अंगदुखीसाठी प्यायची असेल तर त्याला दुसरे उपाय आहेत. गरम पाण्याचा शेक, दुपारी तासभर आडवे पडणे, जड मोळी दुसऱ्याने उचलणे. दुखणे फार असेल तर नर्सबाईला विचारून गोळी, बाजारातून आपल्या मनाने नाही. सिकलसेल असलेल्या बाईने तर दारूपासून दूरच राहावे, अंगातले पाणी कमी झाले की तिचे दुखणे उसळते. अंगणवाडीत २०१५ पासून अब्दुल कलाम अमृत आहार योजनेतून पोटुशी आणि स्तनदा मातेला एक वेळचे पूर्ण ताट मिळते. ते तिथेच बसून खावे, घरी नेले की त्याचे पाच वाटे होतात.

बाळंतपणानंतरही लगेच सुरू करू नये. आईच्या रक्तात जेवढे मद्य तेवढेच दुधात उतरते, आणि दूध मोकळे सुटायलाही त्याने अडथळा होतो. बाळाच्या ओठांना थेंब लावण्याची पद्धत तर ताबडतोब थांबवावी.

एक गोष्ट कार्यकर्त्यांनी नीट ध्यानात ठेवावी. जी बाई रोज सकाळ-संध्याकाळ पिते, जिचे हात न प्याल्यास थरथरतात, तिला प्रार्थना करून ‘आजपासून बंद’ असे सांगून घरी पाठवू नये. अशा अंगाने एकदम सोडले तर पहिल्या दोन-तीन दिवसांत झटके येऊ शकतात, भ्रम होतो, आई आणि बाळ दोघांच्या जिवाला धोका असतो. तिला दवाखान्यात दाखल करूनच सोडवावे लागते. प्रार्थना करावी, आणि १०८ ला फोनही करावा. व्यसनाविषयी सल्ल्यासाठी सरकारचा १४४४६ हा क्रमांक आहे. हे मी लिहिते कारण आपल्यातल्याच काही चांगल्या माणसांना औषध घेणे म्हणजे विश्वास कमी पडणे वाटते.

आता सणाच्या द्रोणाचे काय करायचे? या प्रश्नावर आमची बरीच चर्चा झाली आणि उत्तर आम्हाला सापडले नाही, पाड्यावरच्या एका म्हाताऱ्या कारभाऱ्याला सापडले. तो म्हणाला, द्रोण तिला द्यायचा, मान तिचा आहे. तिने तो जमिनीवर ओतायचा, धरतीचा वाटा म्हणून. कोणी तिला ‘पी’ म्हणायचे नाही. ज्या घरात मूल हवे आहे त्या घरच्या सुनेनेही तसेच करायचे, म्हणजे दिवस गेल्याची बातमी आधी फुटत नाही. आमच्या एका सहकाऱ्याला यात जुन्या रीतीला मान दिल्यासारखे वाटले आणि त्यांनी मला तसे पत्रही लिहिले. त्यांचा मुद्दा मला कळतो. तरी माझे मत असे की द्रोण रिकामा होतो आणि तो तिच्या पोटात जात नाही, एवढे मला पुरे आहे. बाकीच्याविषयी बोलायला आयुष्य पडले आहे.

९ सप्टेंबर हा दिवस १९९९ पासून जगात याच विषयासाठी पाळतात. नवव्या महिन्याचा नववा दिवस, नऊ महिन्यांची आठवण म्हणून. आपल्याकडे दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते, चौथ्या महिन्यापासूनच्या सगळ्या पोटुशींना डॉक्टर पाहतात, फी नाही. या तिमाहीत आम्ही दोन्ही एकत्र करणार आहोत. जीपच्या भाड्यासाठी देणगी पाठवणाऱ्या वाचकांना कळावे म्हणून सांगते, जीप याच फेऱ्यांना जाते.

आणि ती आई. चार महिन्यांनी ती आपणहून आली. सभा संपल्यावर, सगळ्या गेल्यावर. म्हणाली, “बाई, माझ्या पोराला मीच असं केलं का?” मी म्हटले, “मला ठाऊक नाही. डॉक्टरांनाही नक्की ठाऊक नाही. पण तुला कोणी सांगितलं नव्हतं. तू त्या वेळी पोटुशी असताना मी तुमच्या पाड्यावर दर गुरुवारी येत होते. मीसुद्धा सांगितलं नाही.” ती काही बोलली नाही, बराच वेळ बसून राहिली.

मुलगा आता नऊ वर्षांचा आहे. एका वेळी एकच गोष्ट सांगायची, रोज त्याच क्रमाने सांगायची, हात धरून करून दाखवायची, असे आम्ही डॉक्टरांकडून शिकलो. शाळेत त्याचा मार थांबला. शेळ्या तो नीट सांभाळतो, मोजता येत नसल्या तरी एखादी कमी असली की त्याला कळते. त्याच्या आईच्या धाकट्या जावेचे लग्न होऊन दोन वर्षे झाली होती आणि मूल नव्हते. गेल्या होळीला ती जाऊ शेजारी बसली होती आणि द्रोण तिच्यापर्यंत आला तेव्हा हिनेच तिचा हात धरून तो जमिनीवर ओतवला. जावेला दिवस गेलेत हे तेव्हा दोघींपैकी कोणालाच ठाऊक नव्हते. हे लिहीत असताना तिचा सहावा सरून सातवा लागला आहे. येत्या ९ तारखेच्या जीपमध्ये दोघींची जागा धरून ठेवली आहे.